तीन थांब्यांचा हिशोब

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलच्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर १८९० साली विजेची ट्राम सुरू झाली आणि ते शहर शेजारच्या मिनियापोलिसशी जोडलं गेलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, मोटारींच्या भरभराटीत, ट्राम बंद पडली आणि तिच्या जागी बस आली. साठ वर्षांनी, १४ जून २०१४ला, त्याच रस्त्याच्या मधोमध पुन्हा रुळांवरची गाडी धावू लागली. तिला तिथे ग्रीन लाइन म्हणतात. लांबी सुमारे ११ मैल, खर्च ९५ कोटी ७० लाख डॉलर. आपल्याकडची मेट्रो खांबांवरून किंवा भुयारातून जाते. ही गाडी रस्त्याच्याच पातळीवर, चौकाचौकातून, दुकानांच्या पायऱ्यांसमोरून जाते. लाइट रेल म्हणतात ती हीच. तिचं स्थानक म्हणजे रस्त्याच्या मध्यावर एक लांबट फलाट आणि वर छप्पर. दिसायला एवढंसंच, पण तो फलाट ज्या चौकात येतो तिथली भाडी, दुकानं, रहदारी, रात्रीची वर्दळ सगळं हळूहळू बदलत जातं. ज्या चौकात तो येत नाही, तिथेही काही ना काही बदलतंच.

अशा स्थानकांभोवतीच्या विकासाचा आराखडा ठरताना तिथल्या रहिवाशांना कधी बोलवायचं आणि बोलावल्यावर त्यांच्यापुढे नेमकं काय ठेवायचं, हा या पुस्तकाचा विषय. त्यावर तत्त्वांची प्रस्तावना लिहिता आली असती. पण लोकसहभागाबद्दल गोड बोलणं फार सोपं आहे. त्याला उघड विरोध करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून सेंट पॉलचीच हकिकत सांगतो. तिथे लोकांचं काही ऐकलं गेलं, काही ऐकलं गेलं नाही, आणि असं का झालं ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

त्या रस्त्याच्या दक्षिणेला, थोड्या गल्ल्या ओलांडल्या की राँडो नावाची वस्ती होती. सेंट पॉलमधल्या कृष्णवर्णीय समाजाचं ते माहेरघर: चर्च, क्लब, न्हाव्यांची दुकानं, कष्टानं घेतलेली मालकीची घरं. १९५६पासून पुढच्या बारा वर्षांत आय-९४ हा महामार्ग या वस्तीच्या पोटातून गेला आणि सहाशेहून जास्त कुटुंबं उठली. महामार्ग थोडा उत्तरेला, रेल्वेच्या जुन्या रुळांच्या कडेनं न्यावा, असं शहराचे नियोजन अभियंता जॉर्ज हेरॉल्ड यांनी सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही. शहराचे महापौर आणि राज्याचे वाहतूक आयुक्त यांनी राँडोच्या लोकांची जाहीर माफी मागितली ती थेट २०१५ साली. म्हणजे २००६-०७च्या सुमारास 'सेंट्रल कॉरिडॉर' नावाचे लाइट रेलचे नकाशे घेऊन अधिकारी वस्तीत आले, तेव्हा समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी असा नकाशा आणि त्यावरची रेघ आयुष्यात एकदा पाहिलेली होती. अधिकाऱ्यांना वाटत होतं ते गाडी देऊ करतायत. ऐकणारे विचारत होते, या वेळी काय नेणार?

रस्त्याच्या उत्तरेला फ्रॉगटाउन. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेले ह्मोंग, व्हिएतनामी, त्यांच्या आधीपासूनचे गरीब गोरे आणि कृष्णवर्णीय अशी सरमिसळ वस्ती. युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरची बसक्या छपराची किराणा दुकानं, फो नूडल्सची उपाहारगृहं, गाड्या दुरुस्तीची गॅरेजं ही बरीचशी यांचीच. रस्त्यावरून १६ नंबरची बस जायची आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबायची.

आता नकाशा. सेंट पॉलच्या या भागात स्थानकं ठरली होती ती स्नेलिंग, लेक्सिंग्टन, डेल आणि राइस या मोठ्या रस्त्यांच्या चौकांत. एकेका स्थानकात अंतर एक मैलाचं, म्हणजे १.६ किलोमीटर. पश्चिमेला विद्यापीठाकडे आणि दोन्ही शहरांच्या मध्यभागी स्थानकं याहून जवळजवळ होती. मधले तीन चौक, हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न, वगळलेले. गाडी या वस्तीतून जाणार, पण वस्तीसाठी तितकीशी थांबणार नाही. शिवाय गाडी आली की १६ नंबरच्या फेऱ्या कमी होणार, हेही उघड होतं. व्हिक्टोरियाच्या कोपऱ्यावर राहणाऱ्या बाईला बस दारात मिळत होती. आता तिनं अर्धा मैल चालायचं, तेही मिनेसोटाच्या जानेवारीत, जेव्हा पारा शून्याखाली वीस अंशांच्या पलीकडे जाणं ही काही बातमी नसते.

अधिकाऱ्यांना विचारलं तर उत्तर तयार होतं, आणि ते खोटं नव्हतं. प्रकल्पाचा निम्मा पैसा केंद्र सरकारकडून यायचा होता. केंद्राचा निकष असा की प्रकल्पाचा वार्षिक खर्च घ्यायचा आणि त्याला प्रवाशांच्या वाचणाऱ्या तासांनी भागायचं. उत्तर ठरावीक मर्यादेच्या आत आलं तरच पैसे. २००५पासून हा निकष इतका कडक झाला होता की बाकी सगळ्या गुणांवर प्रकल्प कितीही उजवा असला तरी इथे नापास म्हणजे नापास. एक जादा स्थानक म्हणजे सुमारे ५० लाख डॉलरचा खर्च, आणि गाडीत आधीच बसलेल्या प्रत्येकाचे काही सेकंद. अंश वाढला, छेद घटला. त्या भागातल्या किती घरांत मोटार नाही, कोण कुठल्या पाळीला कामावर जातं, कुणाच्या वस्तीतून पन्नास वर्षांपूर्वी महामार्ग काढला होता, यांपैकी कशालाच त्या भागाकारात जागा नव्हती.

इथेच या हकिकतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडली. वस्तीतल्या संघटना, चर्चेस, ज्येष्ठ नागरिकांचे गट आणि बसनं फिरणारी माणसं एकत्र आली आणि त्यांनी 'स्टॉप्स फॉर अस' नावाची आघाडी केली. त्यांनी मोर्चे काढले, सुनावण्या गाजवल्या, हे तर झालंच. पण त्यांनी भागाकार शिकून घेतला. निकष कुठून आला, तो कायद्यात आहे की केवळ प्रशासकीय धोरणात, बदलायचा अधिकार कुणाचा, याचा माग काढत ती माणसं सेंट पॉलच्या बैठकीतून निघून वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. प्रकल्प राबवणारी मेट्रोपॉलिटन कौन्सिल ही प्रादेशिक संस्था. तिचे सदस्य राज्यपाल नेमतो, त्यामुळे मतपेटीतून तिच्यावर थेट दबाव आणायची सोय नाही. तरी तिच्याकडून २००८मध्ये एवढं पदरात पडलं की तिन्ही चौकांत जमिनीखालचं काम आत्ताच करून ठेवायचं, म्हणजे पुढे कधी पैसे मिळाले तर रस्ता पुन्हा खणायला नको. मग केंद्रात सरकार बदललं. जानेवारी २०१०मध्ये ओबामा प्रशासनाचे वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी एकट्याच्या बळावर प्रकल्प बाद करणारा तो निकष शिथिल केला, आणि त्याच महिन्यात हॅमलिन, व्हिक्टोरिया, वेस्टर्न ही तिन्ही स्थानकं मूळ प्रकल्पातच बांधली जातील असं जाहीर झालं.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. त्याच काळात सेंट पॉल महापालिकेनं स्थानकांभोवतीच्या भागांचे आराखडे करायला घेतले होते. रहिवासी, दुकानदार, जमीनमालक यांच्या समित्या होत्या. भिंतीवर नकाशे, टेबलावर रंगीत चिठ्ठ्या. झाडं कुठे हवीत, इमारत किती मजली चालेल, पदपथ किती रुंद असावा. हे वाईट नव्हतं. त्या आराखड्यांचे गुण आजही रस्त्यावर दिसतात, आणि पुढे २०११मध्ये झोनिंगचे नियम बदलले त्यांना त्याच कामाचा पाया होता. पण लोक जेव्हा विचारत, झाडं ठीक आहेत, पण माझं भाडं वाढलं तर? पार्किंग गेलं तर माझं गिऱ्हाईक कुठे गाडी लावणार? तेव्हा तो विषय त्या टेबलाचा नसे. तो दुसऱ्या खात्याचा, दुसऱ्या बैठकीचा, पुढच्या टप्प्याचा असे. अशा कामांत भाग घेतलेल्या कुणालाही हा अनुभव परका वाटणार नाही. आपल्याला चित्र दाखवलं जातं, हिशोब दाखवला जात नाही. आणि जे ठरायचं ते हिशोबात आधीच ठरलेलं असतं.

हिशोबावर बोलायची ताकद कुणाकडे असते, याचंही उत्तर याच रस्त्यावर मिळतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या आवारात गाडी भुयारातून न्यायची, असा विचार बराच काळ होता. त्याच भागाकारापायी २००८मध्ये भुयार रद्द झालं आणि गाडी वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरून जायचं ठरलं. म्हणजे सूत्रानं विद्यापीठालाही सोडलं नाही. पण पुढे प्रयोगशाळांमधल्या नाजूक उपकरणांना कंप आणि विद्युत-चुंबकीय लहरींचा त्रास होईल म्हणून विद्यापीठ कोर्टात गेलं, आणि वाटाघाटी होऊन उपाययोजना मान्य झाली. सेंट पॉलमध्ये मिनेसोटा पब्लिक रेडिओचे स्टुडिओ रुळांच्या अगदी कडेला. त्यांच्या ध्वनिमुद्रणासाठीही कंप रोखणाऱ्या रुळांची बोलणी झाली. दोघांची मागणी रास्तच होती. फरक एवढा की त्यांच्याकडे वकील होते, अभियंते होते, आणि आपलं नुकसान मोजून मांडता येत होतं. फो विकणाऱ्याला दुकानासमोरचा रस्ता महिनोन्महिने खणलेला असताना होणारं नुकसान मोजून मांडायला कोण बसणार?

ते शेवटी कोर्टानं विचारलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या सेंट पॉल शाखेनं काही रहिवासी आणि व्यावसायिकांसह २०१०मध्ये केंद्रीय न्यायालयात दावा लावला. जानेवारी २०११मध्ये न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी निकाल दिला की प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालात बांधकामाच्या काळात दुकानांचा धंदा किती बुडेल याचा पुरेसा विचार झालेला नाही, तो करा. काम मात्र त्यांनी थांबवलं नाही. म्हणजे अहवालाची पुरवणी लिहिली जात होती आणि बाहेर खोदकाम चालू होतं. तसंही रस्त्याच्या कडेचं बहुतेक पार्किंग या प्रकल्पात जाणारच होतं, आणि ते गेलं.

मदत आली ती 'रेडी फॉर रेल' या योजनेतून. छोट्या दुकानांना २० हजार डॉलरपर्यंतचं कर्ज, जे दुकान टिकवून धरलं तर माफ व्हायचं. काहींना त्यानं तगवलं, काहींना पुरलं नाही. खणलेल्या रस्त्याच्या कडेनं काही पाट्या उतरल्या, काही नव्या लागल्या. वेस्टर्नच्या स्थानकाजवळ आशियाई दुकानदारांनी मात्र वेगळीच चाल केली: आपल्या पाच-सहा गल्ल्यांना 'लिटल मेकाँग' असं नाव दिलं, उन्हाळ्यात रात्रबाजार भरवला, आणि गाडीतून उतरणाऱ्यांना उतरायला कारण दिलं. हे नाव ज्या स्थानकाच्या आधारानं उभं राहिलं ते स्थानकच मूळ नकाशात नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

डेलच्या चौकात आणखी एक उदाहरण आहे, आणि ते गाडी यायच्या बरंच आधीचं. तिथे पूर्वी फक्त प्रौढांसाठीचं एक सिनेमागृह होतं आणि ते हटवावं म्हणून रहिवासी वर्षानुवर्षं भांडत होते. महापालिकेनं ते विकत घेऊन पाडलं; २००६मध्ये तिथे राँडोच्या नावाचं ग्रंथालय उघडलं, वर राहायची घरं. समोरच्या कोपऱ्यावर चार स्थानिक संस्थांनी मिळून 'फ्रॉगटाउन स्क्वेअर' ही इमारत उभी केली. खाली दुकानं, वर ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं. ही जागा वस्तीच्या संस्थांच्याच हातात राहिली. मला विचाराल तर या रस्त्यावरच्या लोकसहभागाचा हा सर्वांत भक्कम नमुना, कारण इथे लोकांनी मत दिलं नाही, मालकी घेतली. अर्थात त्यासाठी लागणारी संस्था, पत आणि चिकाटी एका रात्रीत तयार होत नाही. त्या चौघींपैकी 'मॉडेल सिटीज' या संस्थेचं मूळ १९६०च्या दशकातल्या त्याच नावाच्या केंद्रीय योजनेत आहे.

तो धागा थोडा ओढायला हवा. या मॉडेल सिटीज योजनेत लोकसहभागाच्या सल्लागार म्हणून शेरी आर्नस्टीन काम करत होत्या. तिथे जे पाहिलं त्यावरून त्यांनी १९६९मध्ये एक लेख लिहिला आणि लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली: तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि सल्ला घेणं, वर भागीदारी आणि शेवटी लोकांच्याच हाती सत्ता. नियोजन शिकणाऱ्या प्रत्येकाला ही शिडी पाठ करावी लागते. माझी तक्रार एवढीच की शिडी पाठ झाल्यावर लोक आपली बैठक कितव्या पायरीवर होती यावर वाद घालत बसतात. सेंट पॉलमध्ये एकाच प्रकल्पात, एकाच वर्षात, तीन वेगवेगळ्या पायऱ्या एकाच वेळी चालू होत्या. फ्रॉगटाउनमधल्या एकाच माणसाला स्थानक मिळालं, पार्किंग गमवावं लागलं आणि झाडाच्या जागेबद्दल विचारलं गेलं.

बैठकीला येतं कोण, हाही प्रश्न आहेच. सेंट पॉलमध्ये १९७५पासून १७ जिल्हा परिषदा आहेत. आपल्या जिल्हा परिषदेशी त्यांचा संबंध नाही. शहराच्या एकेका भागातल्या रहिवाशांच्या या संस्था, त्यांना महापालिका थोडाफार निधी देते. हे बूड होतं म्हणून पुष्कळ गोष्टी शक्य झाल्या. पण त्यांतही घरमालकाचा आवाज भाडेकरूपेक्षा मोठा, गोऱ्यांचा इतरांपेक्षा, आणि निवृत्तांचा तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांपेक्षा. ह्मोंग, व्हिएतनामी, सोमाली, स्पॅनिश दुभाषे, बैठकीच्या जागी मुलं सांभाळायची सोय, जेवण, हे नुसते शिष्टाचार नाहीत. ती असतील तर वेगळीच माणसं येतात आणि वेगळेच प्रश्न निघतात. अधिकारी बैठकीला पगारी वेळेत येतो आणि रहिवासी रोज बुडवून, हे आराखड्याच्या अंदाजपत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं.

भाड्याचा प्रश्न मात्र कुठल्याच टेबलावर नीट बसला नाही. संस्था, महापालिका आणि देणगीदार प्रतिष्ठानं यांनी मिळून २०२०पर्यंत या पट्ट्यात ४,५०० परवडणारी घरं बांधायची किंवा टिकवायची असं उद्दिष्ट ठेवलं, आणि त्या दिशेनं बरंच कामही झालं. स्नेलिंगजवळ जुन्या बसआगाराच्या जागी २०१९मध्ये फुटबॉलचं मैदान उघडलं तेव्हा आसपासच्या भाडेकरूंची धाकधूक पुन्हा वाढली. नोव्हेंबर २०२१मध्ये सेंट पॉलच्या मतदारांनी सार्वमतात भाडेवाढीवर वर्षाला ३ टक्क्यांची मर्यादा घातली. बिल्डरांनी नवी बांधकामं रोखल्यावर पुढच्याच वर्षी महापालिकेनं नव्या इमारतींना २० वर्षांची सूट दिली. या मर्यादेवर तिथे आजही वाद आहे. ती शहाणपणाची होती की नाही यावर मी इथे मत देत नाही. भाडं हा विषय आधीच्या बैठकांत मावला नाही, तेव्हा लोकांनी तो मतपेटीत टाकला, एवढं नोंदवतो.

मराठी वाचकानं हे का वाचावं? पुणे आणि नागपूर मेट्रोच्या मार्गांभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचं धोरण आलं, तेव्हा स्थानकांच्या जागा ठरून गेल्या होत्या. आपल्याकडचा भागाकार म्हणजे एफएसआयचा तक्ता: रस्त्याची रुंदी इतकी, भूखंड इतका, प्रीमियम इतका, मग बांधकाम इतकं. हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत मिळते, नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, सुनावणीत आपापला सर्व्हे नंबर घेऊन माणसं येतात. पाण्याच्या टाकीची आणि ड्रेनेजच्या नळाची क्षमता त्या तक्त्याशेजारी मांडून दाखवा, असं म्हणणारी हरकत क्वचित येते, आणि आली तरी सामूहिक म्हणून येत नाही. सेंट पॉलकडून उचलण्यासारखं काही असेल तर ते हेच: एकत्र येऊन हिशोब मागणं. तिथल्या समित्यांची रचना किंवा रंगीत चिठ्ठ्या उचलून आपल्याकडे काही साधणार नाही.

पागडीतला भाडेकरू, वाड्यातला पोटभाडेकरू, आणि स्थानकाच्या जिन्याखाली चहा-वडापाव विकणारा यांना ती नोटीस उद्देशून नसतेच. पथविक्रेत्यांसाठी तरी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात. स्थानकाभोवतीची कुठली जागा विक्रीसाठी राखायची, हा विषय त्या समितीपुढे येऊ शकतो, आणि तो यायला हवा स्थानक-परिसराचा आराखडा मंजूर होण्याआधी, उद्घाटनानंतर अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येऊन उभी राहते तेव्हा नव्हे.